पाण्यातला हेला आणि भूमितीचा पेपर

हळद शिजायला लागली की मी कढईकडं पाठ करून बसते. घरातल्यांना वाटतं, वय झालं, म्हातारीला धूर सोसत नाही. सोसतो की! जन्म गेला त्या धुरात. फाल्गुन लागला की आमच्या शिवारात सकाळपासून कढया चढतात, कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ होतो आणि उकडत्या हळदीचा तो मातकट, ओलसर, जरासा कडू वास गल्लीगल्लीत जाऊन बसतो. त्याच दिवसांत पोरं ओट्यावर, माळवदावर, जिथं जागा मिळेल तिथं पुस्तक घेऊन डोलत असतात. दहावीचे पेपर आणि हळद, आमच्याकडं दोघांचा हंगाम एकच. बाकीच्या लोकांच्या डोक्यात ते वेगवेगळे राहत असतील. माझ्या डोक्यात एका सकाळी, पाण्याच्या मधोमध, ते एकमेकांत कालवले गेले, ते अजून निवळले नाहीत.

आधी हेल्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

धरण झालं तेव्हा आमच्या गावाचा सरळ रस्ता पाण्याखाली गेला. समोरचा काठ डोळ्याला दिसतो, तिथली बाई धुणं आपटताना दिसते, पण जायचं म्हटलं की पाण्याला मोठा वळसा. माझे धाकटे दीर सुदामभाऊजी, त्यांना असल्या-तसल्या उचापती फार. कुठल्याशा सहलीच्या तलावावर वापरून जुनी झालेली पाण्यातली स्कूटर त्यांनी एक दिवस टेम्पोत घालून आणली. महाशिवरात्रीच्या जत्रेत लोकांना फेऱ्या मारून आणायच्या, असा बेत. गाव बघायला लोटलं. फटफटीसारखी गादी, फटफटीसारखं हँडल, चाक मात्र नाही. पोटाखालच्या तोंडानं पाणी ओढायची आणि मागून जोरानं फेकायची, त्या जोरावर पळायची. आमच्या गल्लीतल्या सारजाबाईनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "ह्यो तर निस्ता हेला हाय. एकदा पाण्यात बसला की उठायचा न्हाई." झालं. कंपनीनं काय नाव दिलं होतं देव जाणे, गावानं हेलाच, म्हणजे रेडाच, म्हटलं.

जत्रा झाली, दोन वर्षं फेऱ्या झाल्या, मग सुदामभाऊजींना पुण्याकडं काम लागलं. जाताना म्हणाले, "वैनी, तुमी शिका." कारण आमच्या यांना पाण्याची भीती. आंघोळीलासुद्धा बादलीपासून हातभर लांब बसणारा माणूस! मी चौथीपर्यंत शिकलेली. पण गल्लीत कुणाचाही स्टो बिघडला की बाया माझ्याकडं आणायच्या. पिन कुठं मारायची, वायसर कधी उलटा घालायचा, जाळ पिवळा काहून येतो, हे मला कळायचं. इंजिन म्हणजे तरी काय, मोठा स्टोच. तेल, हवा आणि ठिणगी. तिन्ही जागच्या जागी असली की ते रडत नाही. भाऊजींनी प्लग काढायला शिकवला, पेट्रोलात ऑइल किती टाकायचं ते शिकवलं, आणि एक लाल वेटोळ्याची दोरी मनगटात अडकवायला शिकवली. ती यंत्रातून सुटली की इंजिन बंद. मी तिला नाळ म्हणायची. पदर खोचून मी हेल्यावर बसले की धुण्यावरच्या बाया हसून हसून लोळायच्या. हसू द्या. दवाखाना, दळण, माहेरचं कार्य, सगळं मी त्या हेल्यावर केलं.

आणि आमच्या घरची एक रीत होती. नव्या हळदीची पहिली पूड झाली की ती जवसाच्या तेलात कालवायची आणि जे जे आपल्यासाठी राबतं त्याला एकेक बोट लावायचं. कढईला, विळ्याला, मोटेच्या जागी आलेल्या पाण्याच्या इंजिनाला. त्या वर्षी मी हेल्यालाही लावली. त्याला कपाळ कुठून असणार! पेट्रोलच्या टाकीचं झाकण तेवढं गोल, समोर, वर. ते मूळचं नव्हतंच. मूळचं हरवलं होतं, भाऊजींनी एका भंगारातल्या मोटारसायकलीचं बसवलं होतं. मी त्यावर अंगठ्यानं दाबून, चांगली जाड हळद लावली आणि हात जोडले. मनापासून लावली होती हो. त्यात खोट नव्हती.

नसरीन म्हणजे करीमभाई दर्ज्याची थोरली. आमच्या दोन्ही घरांच्या मधे एक भिंत, आणि त्या भिंतीला वाटी जाईल एवढा कोनाडा. हमीदाबी, तिची आई, त्यातून मला खिचडा द्यायची आणि मी तिला पुरणपोळी. नसरीन उंच, सडपातळ, कमी बोलणारी. आकडे मात्र असे सोडवायची की करीमभाई गिऱ्हाइकाच्या कपड्याचं माप तिच्याकडून तपासून घ्यायचे. "अब्बा, बाहीला अर्धा इंच कमी पडंल," म्हणायची आणि खरंच पडायचं. तिला दहावीनंतर पॉलिटेक्निकला जायचं होतं. आमच्या गावात तो शब्द तिनंच आणला. तिथं गणिताचे मार्क बघतात, हेही तिनंच सांगितलं.

पेपरांच्या दिवसांत ती पल्याडच्या गोरेगावला फुफीकडं, म्हणजे आत्याकडं, राहायची. सेंटर तिथं होतं. शनिवारी बीजगणिताचा पेपर देऊन ती घरी आली, रविवार राहिली, आणि सोमवारी भूमिती. त्या सकाळी एस्टी आली नाही. का आली नाही ते आजवर कुणाला कळलेलं नाही. नऊ वाजले आणि हमीदाबी अनवाणी माझ्या दारात.

"वैनी, एस्टी न्हाई हो आली! पोरगी रडून राहिली."

"अगं मग जीप?"

"जीपा सगळ्या वऱ्हाड घेऊन गेल्या. हिचे अब्बा सायकल काढून राहिले. सायकलीवर कवा पोहोचायची ती?"

मला कुणी विचारलं नव्हतं. हे नीट लिहून ठेवते, कुणी विचारलं नव्हतं. मीच म्हणाले, "मी नेते की. दहा मिनिटांत पल्याड. तिथून जीप."

"त्या हेल्यावर?" हमीदाबीनं छातीवर हात ठेवला.

करीमभाई सायकल धरून उभे होते, गळ्यात मापाची टेप तशीच. त्यांनी आपलं मनगटी घड्याळ काढून पोरीच्या हातात बांधलं आणि मला म्हणाले, "वैनी, तुमच्या भरवशावर देतो. बराबर न्या." एवढंच. माणूस कमी बोलला की त्याचं बोलणं जड होतं.

आमच्याकडं एकच जुनं नारिंगी जाकीट होतं, तरंगायचं. ते मी नसरीनला घातलं. तिनं पॅड, हॉलतिकीट, कंपासपेटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून छातीशी धरली. निघालो. मार्चातलं पाणी उतरलेलं असतं. बुडालेल्या बाभळींचे वाळके शेंडे वर येतात, त्यावर पाणकावळे पंख पसरून बसतात. हेला मस्त पळत होता. नसरीनचा एक हात माझ्या कमरेला, आणि माझ्या कानामागं तिचं पुटपुटणं चाललेलं: "वर्तुळाची स्पर्शिका स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला लंब असते." मला काय कळणार! पण ऐकायला गोड वाटत होतं, आरतीसारखं.

आणि बरोबर मधोमध इंजिन बंद पडलं.

खोकलं नाही, अडखळलं नाही. चालता चालता माणूस उभा राहावा आणि मागं वळून बघू नये, तसं. मग जी शांतता आली तिच्यासारखी वाईट शांतता मी दुसरी ऐकली नाही. लाटा नुसत्या पोटाला चापट्या मारत होत्या. थप. थप.

"काय झालं, काकू?"

"काई न्हाई. थांब." मी नाळ बघितली, जागेवर होती. बटण दाबलं, खर्रखर्र झालं, पेट घेतला नाही. टाकीचं झाकण उघडलं. फुस्स झालं, जणू टाकीनंच सुस्कारा टाकला. काडी घालून बघितली, अर्धी टाकी भरलेली. झाकण लावलं. गादी उचलली, पान्यानं प्लग काढला. कोरडा ठणठणीत. पदरानं पुसला, बसवला, बटण दाबलं आणि काय सांगू, हेला डुरकला! नसरीन हसली. मीही हसले. म्हटलं बघा, प्लगच होता.

दोन मिनिटं गेली असतील नसतील. पुन्हा बंद.

आता मला ठाऊक होतं ना, प्लग! पुन्हा काढला, पुन्हा पुसला, फुंकर मारली, बसवला. खर्रखर्र. काही नाही. पुन्हा काढला. पुन्हा काही नाही. वाटलं, खालच्या तोंडात शेवाळ अडकलं असेल. नाळ काढून हँडलला अडकवली आणि लुगड्यासकट पाण्यात उतरले. मला पोहता येतं, पण लुगडं ओलं झालं की ते बाईला खाली ओढतं. एका हातानं हेला धरून दुसरा हात त्याच्या पोटाखाली घातला. मूठभर शेवाळ निघालं. आनंदानं वर दाखवलं. वर चढताना दोनदा घसरले, नसरीननं दंड धरून ओढलं. बटण दाबलं. खर्रखर्र नाही, आता नुसतं कुर्र. बॅटरी उतरत चाललेली.

"किती वाजले गं?"

"दहाला धा कमी." मग हळूच, "साडेअकराच्या पुढं आत घेत न्हाईत, काकू."

वारा आम्हाला आमच्याच काठाकडं, त्या बाभळींच्या शेंड्यांकडं ढकलत होता. मी पल्याड बघून ओरडले. "ओ बाई! ओ धुणंवाली!" ती बाई आपटत होती तशी आपटत राहिली. धोपटण्याचा आवाज मात्र आमच्यापर्यंत येत होता, हात दिसल्यावर बऱ्याच वेळानं. मी वल्ह्यासारखे हात मारून बघितले. हेला जड, हलेना. मग मी काय नाही केलं! त्याला शिव्या दिल्या, त्याच्या टपावर चापट मारली, देवाला बोलले. माझी पोर असती तर एकवेळ म्हटलं असतं, जाऊ दे, ऑक्टोबरला बस. पण दुसऱ्याची पोर होती, आणि मला कुणी विचारलं नव्हतं. मागं ती रडत नव्हती, हेच मला सोसत नव्हतं. तिनं पुटपुटणंसुद्धा बंद केलं होतं.

माणूस अगदी टोकाला गेला की कधी कधी शांत होतो. मी हात मांडीवर ठेवून बसले आणि स्टो बिघडल्यावर बसते तशी विचार करू लागले. पहिल्या वेळी काय काय केलं? नाळ बघितली, बटण दाबलं, झाकण उघडलं, प्लग पुसला. चालू झालं. दुसऱ्या वेळी? सगळं केलं, झाकण तेवढं उघडलं नाही. आणि तो सुस्कारा! फुस्स! गोडेतेलाच्या डब्याला आपण एकच भोक पाडलं तर तेल येतं का? गुळगुळ करतं आणि थांबतं. म्हणून समोरच्या बाजूला दुसरं भोक पाडतो, हवा आत जायला. कोणत्याही बाईला झोपेत विचारा, सांगेल. भाऊजींनी दाखवलं होतं की, "वैनी, झाकणाला हे बारीक भोक हाय, इथून टाकी श्वास घेते."

मी झाकणाकडं बघितलं. भोकावर हळद होती. जवसाचं तेल वाळलं की रंगासारखं कडक होतं. त्या पिवळ्या खपलीत माझ्या अंगठ्याची रेघ न् रेघ उमटलेली.

ते तिला दिसू नये म्हणून मी पुढं वाकले.

"काय हाय काकू?"

"कचरा. कचरा अडकलाय." तोंडातून हेच निघालं. नखानं खरवडलं, निघेना. केसातला आकडा जाड होता. "बारीक काही हाय का गं?" तिनं पिशवीची गाठ दातानं सोडली, कंपासपेटी उघडली आणि खांद्यावरून वर्तुळ काढायचं करकटक पुढं केलं. मी टोक घातलं, फिरवलं, पिवळी पूड उडाली. आणखी जोर दिला आणि टिक झालं. भोक मोकळं झालं होतं. करकटकाचं टोक तुटलं होतं.

तिनं ते हातात घेऊन बघितलं. "असू द्या काकू. आधी चालू करा."

बॅटरीत एकच दम असेल, त्या एका दमात हेला डुरकला आणि पुन्हा थांबला नाही. काठाला लागलो, दगडावर आदळलो, मी तसाच सोडला त्याला. दुधाची गाडी मिळाली, कॅनच्या मधे दाटीवाटीनं बसून गेलो. शाळेच्या फाटकात पोहोचलो तेव्हा अकरा वाजून वर वीस झाले होते. दारातल्या बाईंनी तिच्या ओल्या पायांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "पळ, पळ."

ती पळाली आणि मला जाग आली. भूमितीचा पेपर, आणि पोरीकडं टोकाशिवायचं करकटक! समोरच्या दुकानातून नवं घेतलं आणि फाटकाकडं धावले. पण त्या दिवसांतली परीक्षा तुम्ही पाहिली असेल. भिंतीवर माणसं चढलेली, खिडकीतून चिठ्ठ्या फेकणारे काके, मामे, मेव्हणे. फाटकावर शिपाई. त्याला काय दिसलं? चिंब लुगड्यातली एक बाई, हातात काहीतरी दडवलेली, आत शिरू बघणारी.

"ए मावशी! कुठं चालली?"

"दादा, एवढं करकटक एका लेकराला द्या. नसरीन नाव, दर्ज्याची पोर."

"रोज नवीन युक्ती!" त्यानं ते उघडलं, उलटं केलं, झटकलं, पेन्सिल अडकवायच्या खोबणीत डोळा घालून बघितलं. "चिठ्ठी कुठाय?"

"चिठ्ठी न्हाई हो, देवाशपथ! तिचं मोडलं. माझ्यानं मोडलं."

"सगळ्यांचंच मोडतं मावशी, पेपराच्या टायमाला." आजूबाजूचे हसले. त्यानं ते करकटक टेबलावर, धरलेल्या चिठ्ठ्यांच्या ढिगावर ठेवून दिलं. मी पाया पडले. खरंच पडले. तो म्हणाला, "व्हा बाजूला, साहेब येऊन राहिले." दोन तास मी त्या टेबलाकडं बघत उन्हात उभी होते. हाताच्या अंतरावर होतं ते. लुगडं अंगावरच वाळलं.

पेपर सुटला. नसरीन आली. मी काही विचारायच्या आधी म्हणाली, "बाईंनी उसनं घेऊ न्हाई दिलं. बांगडी ठेवून एक वर्तुळ काढलं. स्पर्शिकेची रचना ऱ्हायली." आणि पिशवीतली भाकरी काढून अर्धी मला दिली.

गावात मात्र माझा केवढा बोलबाला! हमीदाबी ज्याला त्याला सांगायची, वैनीनं पाण्यात उडी घेतली, वैनीनं इंजिन उघडलं, वैनी नसती तर. सारजाबाईनं माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. करीमभाईंनी मला हिरवं झंपर शिवून दिलं, शिलाईचं नाव काढू दिलं नाही. काय बिघडलं होतं म्हणून विचारलं की मी सांगायची, "कचरा होता." एकदा खोटं सांगितलं की त्याचा पुन्हा पुन्हा सराव होतो, मग ते पाठ होऊन जातं.

नसरीन पास झाली, चांगली झाली. पॉलिटेक्निकच्या यादीत तिचं नाव नव्हतं. मग ती कलाशाखेला गेली, बारावी झाली, लग्न होऊन वसमतला गेली. तिथं आज तिचं शिलाईचं दुकान आहे, दोन बाया हाताखाली आहेत. वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही. हमीदाबी गेली, करीमभाईही गेले, कोनाडा आम्हीच बुजवला. मला वाटलं होतं, त्यांच्याबरोबर माझं ओझंही जाईल. तसं होत नाही. ज्याच्यापाशी बोलायचं तो गेला की ते आपल्याकडं कायमचं ठेवीला राहतं. आणि दुसरी एक गोष्ट मला फार उशिरा सुचली, एका दुपारी, कढईखाली जाळ सारता सारता. झाकण नुसतं सैल ठेवलं असतं तरी हेला पल्याड गेला असता! हवा शिरली असती. भोक कोरायची गरजच नव्हती. करकटकाची गरजच नव्हती. मी जाळ सारायचं लाकूड हातात घेऊन तशीच बसले, जाळ विझेपर्यंत.

यंदा हळदीच्या गाडीबरोबर वसमतला गेले, आणि पाय तिच्या दुकानाकडं वळले. ती यंत्रावर होती. चष्मा लागलाय. मला बघून उठली, पाणी दिलं. तिची पोरगी आता दहावीला, मागच्या खोलीत पाठांतर करत होती. मी पाणी प्यायले आणि बसल्या जागी सगळं सांगितलं. हळद, अंगठा, कचरा म्हटलं ते, आणि झाकण सैल ठेवायचं ते. मधे थांबले नाही. थांबले असते तर उठून आले असते.

ती ऐकत होती. यंत्राच्या चाकावर हात ठेवलेला, चाक थांबलेलं. मला वाटलं होतं, हसेल, म्हणेल, काय काकू, एवढ्या वर्षांचं काय घेऊन बसलात. मनातल्या मनात मी तेच ऐकायला गेले होते, खोटं कशाला बोलू.

ती म्हणाली, "पॉलिटेक्निक चार मार्कांनी गेलं होतं, काकू. ती रचना चार मार्काचीच होती."

मागच्या खोलीतलं पाठांतर चालू होतं. मी पिशवी उचलली, उठले. चौकटीपर्यंत गेले.

"काकू," ती म्हणाली. माझ्याकडं बघत नव्हती, सुईत दोरा ओवत होती, आणि तो पहिल्यांदा गेला नाही. "मला आत्ता काही म्हणता येत न्हाई. पण तुमी बसा. जाऊ नका. बसा."